रिकाम्या चौकटी

विज्ञानशिक्षक रजेवर असले की दहावीचा तास माझ्याकडे येई. इतिहासाच्या शिक्षकाने आवर्तसारणी शिकवायची, ती इतिहासाच्याच वाटेने.

१८६९ साली रशियातील मेंडेलीव्ह यांनी ज्ञात मूलद्रव्ये अणुवस्तुमानाच्या चढत्या क्रमाने मांडली. गुणधर्म जुळेनात, तेथे त्यांनी चौकट रिकामी सोडली. ॲल्युमिनिअमखालच्या चौकटीला त्यांनी ‘एका-ॲल्युमिनिअम’ म्हटले (हा ‘एक’ संस्कृतातला) आणि त्याची घनता ५.९च्या आसपास असेल, असेही सांगितले. १८७५ मध्ये फ्रान्समध्ये ब्वाबोद्राँ यांना गॅलिअम सापडले. घनता आली ४.७. मेंडेलीव्ह यांनी तो धातू पाहिलाही नव्हता. तरी त्यांनी शुद्ध नमुना पुन्हा मोजावयास सुचविले. उत्तर ५.९ आले!

मुलांना मी थांबवीत असे ते मात्र टेल्युरिअमपाशी. त्याचे अणुवस्तुमान १२७.६, आयोडिनचे १२६.९. वस्तुमान पाहता आयोडिन आधी यावयास हवे. पण त्याचे वर्तन क्लोरिन-ब्रोमिनसारखे. मेंडेलीव्ह यांनी वर्तनाला मान दिला आणि टेल्युरिअमचे वस्तुमानच चुकीचे मोजले गेले असावे, असे धरले. येथे ते चुकले. मोजमाप बरोबर होते, कसोटीच अपुरी होती. १९१३ मध्ये मोज्ली यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखविले की क्रम ठरतो केंद्रकातील धनप्रभारावरून: टेल्युरिअम ५२, आयोडिन ५३. आयोडिनच्या बाह्यतम कक्षेत ७ इलेक्ट्रॉन असतात. सोडिअमकडून आठवा घेऊन तो आयनिक बंध जोडतो.

१९१५ मध्ये गॅलिपोलीच्या रणभूमीवर मोज्ली मारले गेले. वय अवघे २७. त्यांच्या क्रमातही ४३, ६१, ७५ या जागा रिकाम्या होत्या. त्या पुढे इतरांनी भरल्या.