पहिली लाठी कशी निवडावी

शिवथरचे खोरे डोंगरांनी वेढलेले आहे. इथल्या घळीत समर्थ रामदासांनी दासबोध सांगितला, असे आपण वाडवडिलांपासून ऐकत आलो. समर्थांनी ठिकठिकाणी मारुतीची देवळे उभारली. देवळापुढे आखाडा, ही आपली जुनी रीत. आखाड्यात पोरे लाठी फिरवायला शिकतात. आता मुलीही शिकतात. चांगलेच आहे.

पण शिकणाऱ्याच्या हाती पहिली लाठी कोणती द्यावी? पोरगा म्हणतो, “मला सगळ्यांत जाड पाहिजे.” बाप म्हणतो, “घरात पडलंय ते दांडकं घे की!” दोघांचेही चुकते. जड लाठीने मनगट भरून येते. आठ दिवसांत पोर आखाडा सोडते. चिरलेली लाठी तर त्याहून वाईट. लाठीवर लाठी आदळली की कपची उडते. ती डोळ्यात गेली तर जन्माचे नुकसान. म्हणून लाठी पारखूनच घ्यावी.

लाठी वेळूची करतात. वेळू हे झाड नव्हे. ते एक गवत आहे. पावसाळ्यात त्याचा कोंब वर येतो. काही महिन्यांतच तो पुरा उंच होतो. पुढे तो जाड होत नाही, पण आतून घट्ट होत जातो. त्याला तीन-चार वर्षे लागतात. कोवळ्या वेळूत पिठूळ अंश फार. त्याला किडा लागतो आणि आतून भुसा पडतो.

मग जून वेळू ओळखावा कसा? त्याच्या पेरांवरची पाने गळून गेलेली असतात. अंगावर पांढरी भुकटी राहिलेली नसते. कोयत्याच्या मुठीने ठोकला तर खणखणीत वाजतो. लाठीला भरीव वेळू उत्तम. कोकणातला माणगा भरीव असतो, त्याला काटेही नसतात. कळक पोकळ. तो घराला चांगला, लाठीला नाही.

वेळू पावसाळा सरल्यावर, थंडीत तोडावा. जमिनीजवळच्या गाठीच्या जरा वर कापावा. म्हणजे खुंटात पाणी साचत नाही. यंदाचे कोंब तोडू नयेत. बेट त्यांच्यावरच वाढते. तोडलेला वेळू दोन-तीन आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवावा. मग सावलीत उभा करून वाळवावा. वाळल्यावर तेल चोळावे.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. 2017 साली कायदा बदलला. आपल्या मालकीच्या जमिनीतला वेळू आता कायद्याने झाड धरत नाहीत. तो तोडायला वनखात्याचा परवाना लागत नाही. पण सरकारी जंगलातला वेळू विचारल्यावाचून तोडू नये. एका लाठीपायी खटला कशाला?

आता पाच गोष्टी तपासा.

1. उंची : लाठी उभी धरा. ती शिकणाऱ्याच्या कानापर्यंत यावी. पोर वाढले की लाठी बदलावी.

2. जाडी : मुठीत धरल्यावर बोटांची टोके अंगठ्याला टेकावीत.

3. सरळपणा : एक डोळा मिटून टोकाकडून पाहा. मग सपाट जमिनीवर लोटा. डगमगली तर ती वाकडी आहे.

4. तोल : मधोमध एका बोटावर ठेवा. बुंध्याकडे थोडी कलेल. ते चालते. फारच कलली तर दुसरी घ्या.

5. अंग : सगळीवरून हळूच हात फिरवा. गाठी घासून गुळगुळीत केलेल्या असाव्यात. चीर, भोक किंवा भुसा दिसला तर ती नको.

नव्या माणसाने लोखंडी कडी बसवलेली लाठी घेऊ नये. तिने वजन वाढते आणि मारही जबर लागतो.

खेळायच्या आधी रोज लाठी पाहावी. चीर गेली तर सुतळी गुंडाळून वापरू नये. ती काकडीच्या मांडवाला लावावी. वेळू परत मिळेल. डोळा मिळणार नाही.

वाचा आणि सांगा

जून वेळू कसा ओळखाल?
यंदाचे कोंब का तोडू नयेत?
तुमच्या घरातली काठी आज तपासा. तिला चीर आहे का?