वल्हांडणाची पौर्णिमा आणि मोहाचा हंगाम



"फादर, नाताळ दरवर्षी २५ डिसेंबरलाच येतो, मग ईस्टर का सरकतो?" उपवासकाळ आला की हा प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो. याचे उत्तर वल्हांडण सणात आहे.

निर्गम ग्रंथाच्या १२व्या अध्यायाप्रमाणे पहिल्या महिन्याच्या दहाव्या दिवशी कोकरू निवडायचे, चौदाव्या दिवशी मावळतीला ते वधायचे, रक्त दाराच्या चौकटीला लावायचे आणि त्याच रात्री भोजन करायचे. यहुदी महिना चंद्रकोरीपासून सुरू होतो, म्हणून ही रात्र पौर्णिमेची. इस्राएल लोक मिसरातून निघाले ते चांदण्यात. त्या महिन्याचे जुने नाव अबीब, म्हणजे सातूची कोवळी कणसे. सण वसंतातच यावा म्हणून यहुदी लोक १९ वर्षांत ७ वेळा अधिक महिना धरतात, आपल्याकडच्या अधिक मासासारखाच.

निकेयाच्या धर्मपरिषदेने ३२५ साली ठरवले की सर्व ख्रिस्तसभेने ईस्टर एकाच रविवारी पाळावा. पुढे हिशेब रूढ झाला तो असा: २१ मार्च किंवा त्यानंतरची पहिली पौर्णिमा, आणि तिच्या पुढचा रविवार. म्हणून कधी होळीची पौर्णिमा आपली ठरते, कधी चैत्राची. २०२४ साली झावळ्यांच्या रविवारी रात्री गावोगावी होळी पेटली आणि ३१ मार्चला ईस्टर झाला. यहुद्यांचा मात्र त्या वर्षी अधिक महिना होता. त्यांचे वल्हांडण २२ एप्रिलच्या संध्याकाळी लागले. २०२५ साली दोन्ही सण एकाच पौर्णिमेच्या मागे आले.

आता खरा अवघड प्रश्न. प्रभूचे शेवटचे भोजन हे वल्हांडणाचे भोजन होते का? मार्क म्हणतो, होय. कोकरू वधण्याच्या दिवशीच शिष्यांनी तयारी केली. योहानाच्या शुभवर्तमानात मात्र शुक्रवारी सकाळी यहुदी पुढारी राज्यपालाच्या वाड्यात शिरत नाहीत, कारण वल्हांडणाचे भोजन अजून व्हायचे आहे. म्हणजे मंदिरात कोकरे वधली जात होती त्याच दिवशी प्रभू क्रुसावर प्राण सोडतो. अभ्यासकांचे यावर एकमत नाही. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २०११ सालच्या आपल्या ग्रंथात योहानाचा क्रम अधिक ग्राह्य मानला, आणि आम्हालाही तोच पटतो. कोकराचे हाड मोडू नये ही निर्गमातली आज्ञा योहान क्रुसापाशी आठवतो, ती उगाच नव्हे. आणि मार्कचा क्रम धरला तरी प्रभूने भाकर मोडली ती वल्हांडणाच्या छायेतच. आपल्यातील केरळी कुटुंबे पवित्र गुरुवारी घरी बेखमीर भाकर मोडतात, त्या रात्रीला ते 'पेसहा' म्हणतात. तो शब्द वल्हांडणाच्या मूळ हिब्रू नावापासूनच आला आहे.

याच दिवसांत आपल्या जंगलात मोह गळतो. पहाटे टोपली घेऊन गेले नाही तर फुले गुरे आणि जनावरे खातात, आणि वर्षाची मिठामिरचीची सोय जाते. पवित्र आठवड्यात बाके रिकामी दिसली की पूर्वी आम्ही चिडत असू, एकदोनदा प्रवचनातून बोललोही. मग गणना ग्रंथाचा ९वा अध्याय पुन्हा वाचला. प्रेताला शिवल्यामुळे काही माणसांना वल्हांडण पाळता आले नाही. ती मोशेकडे तक्रार घेऊन आली. परमेश्वराने त्यांना, आणि दूरच्या प्रवासात असलेल्यांनाही, पुढच्या महिन्याच्या चौदाव्या दिवशी तोच सण पाळायला सांगितले. अडचण नसताना जो टाळील त्याला मात्र माफी नाही, हेही तिथेच लिहिले आहे. कोणाची अडचण आणि कोणाची टाळाटाळ, हे ज्याचे त्याला ठाऊक.

मोह वेचून माणसे दुपारपर्यंत घरी येतात. म्हणून यंदा पवित्र गुरुवारची मिस्सा दिवस मावळल्यावर, सात वाजता ठेवली आहे. लांबच्या पाड्यांवरून येणाऱ्यांनी मुक्कामाची तयारी करून यावे. शाळेच्या खोल्या उघड्या असतील. परतताना चांदणे असेलच.