पडद्यावरच्या तीन नोंदी

चि. सायली हिस,


लेस्टरला जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, म्हणून रुजू होऊन आठवडाही झाला नाही, आणि ‘त्या गुणांच्या यादीने जीव नकोसा केलाय’ असं तू फोनवर म्हणालीस. तेव्हा नीट बोलणं झालं नाही, म्हणून लिहितो.

२००४च्या एप्रिलमध्ये ती यादी आली तेव्हा मी लँकेशायरमध्ये होतो. ठरलेल्या तपासण्या आणि नोंदी पुऱ्या केल्या की दवाखान्याला गुण, आणि गुणांवर पैसे. एकूण १०५० गुण, आणि दवाखान्याच्या उत्पन्नाचा जवळजवळ चौथा हिस्सा त्यांवर. सगळे चिडले. आम्ही काय पैशासाठी रक्तदाब मोजतो? पण आमच्याकडे मधुमेहींची धड नोंदवहीसुद्धा नाही, हे त्याच वर्षी उघड झालं. नर्सबाईंनी ती तयार केली, एकेकाला फोन करून बोलावलं, पाय तपासले, डोळे तपासायला पाठवलं. वर्षानुवर्षं न फिरकलेली माणसं आली. पैसे नसते तरी आम्ही हे केलं असतं, असं मला म्हणवत नाही. म्हणून यादीवर राग धरू नकोस.

भीती दुसरीच आहे. गिरणीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ गुडघा दुखतो म्हणून आले. पडद्यावर त्यांच्या तीन नोंदी बाकी होत्या: रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान. भेट दहा मिनिटांची. मी तिन्ही उरकल्या. ते उठले, दाराशी घुटमळले. मी तोवर पुढच्या पेशंटची फाइल उघडली होती. चार महिन्यांनी कळलं, त्यांच्या लघवीतून तेव्हापासूनच रक्त जात होतं. त्या दिवशीचे आमचे गुण मात्र पुरे भरले.

त्यानंतर मी क्रम बदलला. आधी पेशंटचं बोलणं, कीबोर्डला हात न लावता, यादी शेवटी. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की दमा आणि हृदयविकार यांत ज्या बाबींना पैसे नव्हते त्यांचा दर्जा घसरला, आणि पेशंटला नेहमीचाच डॉक्टर भेटणंही कमी झालं. मला नवल वाटलं नाही. स्कॉटलंडने तर २०१६ साली ही गुणांची पद्धत बंदच केली.

आणि एखाद्या पंच्याऐंशीच्या आजींना उभं राहताना चक्कर येत असेल, तर यादीतला आकडा गाठण्यासाठी रक्तदाबाची आणखी एक गोळी देऊ नकोस. कारण लिहून त्यांना हिशेबातून वगळण्याची सोय नियमातच आहे. दवाखान्यातले भागीदार कुरकुरले, तरी वगळ.

तुझा,
काका