रकाने भरण्याआधी

सोलापूर

प्रिय भाचीस,

समाजशास्त्राला प्रयोगशाळा नाही, मग त्याला शास्त्र का म्हणायचं, असं तू विचारलंस. प्रयोगशाळेवर अडू नकोस. खगोलशास्त्रज्ञालाही ताऱ्यावर प्रयोग करता येत नाही. निसर्गशास्त्र आणि समाजशास्त्र यांतला खरा फरक निराळा आहे आणि तो सोलापुरातच दिसतो.

नान्नजच्या माळावरच्या माळढोकाला आपण कोणत्या कुळात घातलं, हे त्या पक्ष्याला कधी कळत नाही. माणसाला कळतं. इंग्रज सरकारने 1871 पासूनच्या कायद्यांनी कितीतरी जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. त्यांच्यासाठी सोलापुरात तारेच्या कुंपणाची सेटलमेंट होती. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर जायचं नाही. गुन्हेगार म्हणून ज्याची नोंद झाली, त्याला विश्वासाने घरात कोण घेणार? मग पोटासाठी एखाद्याने चोरी केली, की आमची वर्गवारी बरोबरच होती, असं म्हणायला सरकार मोकळं. हा कायदा देशभरातून 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला. शिक्का अजून पुरता पुसलेला नाही, याचा मला फार संताप येतो. निसर्गशास्त्रात वर्गीकरण चुकलं तर पुस्तक दुरुस्त करता येतं. इथे पिढ्या भरडल्या जातात.

म्हणून सामाजिक शास्त्रांत पुरावा जास्तच काटेकोर हवा. असा पुरावा कसा गोळा करतात ते बघायचं तर आपल्याच शहराचं उदाहरण आहे. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या पुढाकाराने पुण्याच्या गोखले संस्थेने 1938 मध्ये सोलापूर शहराची पाहणी केली. तिच्यावरचं त्यांचं पुस्तक 1965 मध्ये आलं. ग्रंथालयात शोधून वाच.

सामाजिक शास्त्रांच्या शाखांची वाटणी पाठ करत बसू नकोस. सोलापूरच्या पूर्व भागातलं एखादं पद्मशाली विणकर कुटुंब घे. मजुरी आणि कर्ज अर्थशास्त्र बघेल. तेलंगणातून येऊन त्यांनी नाती, लग्नं, देवस्थानं कशी टिकवली ते समाजशास्त्र. मत कुणाला आणि का दिलं ते राज्यशास्त्र. 1930 मध्ये इंग्रजांनी सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉत त्या घराचं काय झालं, हे इतिहास विचारेल, आणि इतिहासाला सामाजिक शास्त्रांत धरावं की मानव्यविद्येत, यावर विद्वान अजून भांडतात. कुटुंब एकच; प्रश्न बदलला की शाखा बदलते.

कॉलेजातून पाहणीला पाठवतील, तेव्हा प्रश्नावलीतले रकाने छापण्याआधी त्या वस्तीतल्या चार माणसांना दाखव. रकान्यातल्या ज्या नावाला ते हरकत घेतील, ते का खुपतं हे समजून घे आणि मगच कागद छापायला दे.

तुझा मामा