खुनी कोण ते सोडून सगळं सांगा

दहिसरहून धिम्या लोकलने चर्चगेट गाठायला तासाहून जास्त वेळ लागतो. रहस्यकथा वाचायची सवय मला याच प्रवासाने लावली. वाचलेलं दुसऱ्याला सांगायची सवयही तिथेच लागली, कारण शेजारी बसलेला माणूस हमखास मुखपृष्ठाकडे वाकून बघतो आणि विचारतो, ‘‘कसं आहे हो?’’ इतक्या वर्षांत या प्रश्नाला उत्तरं देता देता जे शिकलो, ते इथे मांडतो.

१. नाव मोठ्याने सांगा.

‘‘सध्या काय वाचताय?’’ असं विचारलं की चरित्र वाचणारा ताबडतोब नाव सांगतो, रहस्यकथा वाचणारा मात्र ‘‘असंच काहीतरी, टाइमपास’’ म्हणून पुस्तक पिशवीत सरकवतो. हे मला फार खटकतं. बाबुराव अर्णाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू ही नावं घराघरात पोचवली. गुरुनाथ नाईकांनीही हजारावर पुस्तकं लिहिली. त्यांचा कॅप्टन दीप आजही कित्येकांना तोंडपाठ आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी माणसांना वाचनाची गोडी या पुस्तकांनी लावली, आणि पुढे तीच माणसं इतर साहित्याकडे वळली. ज्या पुस्तकांनी आपल्याला वाचक केलं, त्यांचं नाव घेताना आवाज खाली का यावा? सध्या माझ्याकडे एक जुना काळापहाड आहे. दर दोन पानांनी कुणीतरी दार ठोठावतं, दिवा जातो, पिस्तूल निघतं, आणि तरीही पान उलटल्याशिवाय राहवत नाही.

२. गुन्हा सांगा, गाव सांगा, माणूस सांगा.

कथा सांगण्यासाठी एवढं पुरतं. जेरी पिंटो यांची ‘मर्डर इन माहीम’ ही २०१७ सालची इंग्रजी कादंबरी मी अलीकडे अनेकांना सुचवली. सांगतो ते इतकंच: माटुंगा रोड स्टेशनच्या शौचालयात एका तरुणाचा पोट फाडलेला मृतदेह सापडतो. निवृत्त पत्रकार पीटर डिसोझा आपल्या पोलीस अधिकारी मित्रासोबत तपासात ओढला जातो. तपास पुढे सरकतो तशी मुंबईतल्या समलिंगी पुरुषांची भीती समोर येते: कलम ३७७चा धाक, पोलिसांचा धाक, घरी कळण्याचा धाक. सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधल्या संमतीच्या समलैंगिक संबंधांना गुन्ह्यातून वगळलं ते ६ सप्टेंबर २०१८ रोजी, म्हणजे पुस्तक आल्यानंतर. पश्चिम रेल्वेने जाणाऱ्या प्रत्येकाने ही कादंबरी वाचावी असं मला मनापासून वाटतं. आमची गाडी रोज माटुंगा रोडला थांबते. ज्या फलाटाकडे कधी मान वळवून पाहिलं नव्हतं, तिथे आता प्रत्येक वेळी माझी नजर जाते. चांगली गुन्हेकथा आपल्याला आपलंच शहर दाखवते.

३. ‘‘शेवटी जबरदस्त धक्का आहे’’ हेही सांगू नका.

खुन्याचं नाव फोडू नये एवढं सगळ्यांना कळतं. पण धक्का आहे असं कळलं की वाचणारा पहिल्या पानापासून धक्का शोधत बसतो, आणि लेखकाने जपून पेरलेलं सगळं वाया जातं. अ‍ॅगाथा ख्रिस्तीच्या १९२६ सालच्या ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’बद्दल मी फक्त म्हणतो, ‘‘सावकाश वाचा, मध्ये कुणाशी बोलू नका.’’

४. खुनी आधीच माहीत असला तरी रहस्य उरतं.

केइगो हिगाशिनो या जपानी लेखकाच्या ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’मध्ये खून कुणी केला हे सुरुवातीलाच दिसतं. मुलीला घेऊन एकटी राहणारी बाई, तिला छळणारा पूर्वीचा नवरा, आणि शेजारी राहणारा गणिताचा शिक्षक. प्रश्न असतो तो या शिक्षकाने नेमकं काय रचलंय याचा. आमच्या मजल्यावरच्या एक काकू आधी म्हणाल्या, ‘‘अहो, खुनी ठाऊक आहे तर मग वाचायचं काय?’’ मी म्हटलं, ‘‘काकू, निम्म्यापर्यंत वाचा, मग बोलू.’’ दोन दिवसांनी त्यांनीच रात्री दार वाजवलं. बराच वेळ त्या बोलत होत्या ते फक्त त्या शिक्षकाच्या एकटेपणाबद्दल.

५. माणूस ओळखून पुस्तक द्या.

कोर्टकचेरीची आवड असेल, तर सुहास शिरवळकरांचा बॅरिस्टर अमर विश्वास. ‘दुनियादारी’मुळे शिरवळकर माहीत असलेल्या तरुणांना त्यांनी रहस्यकथाही भरपूर लिहिल्या हे सांगावं लागतं. भीती हवी असेल, तर नारायण धारप किंवा रत्नाकर मतकरी. लहान मुलांना आधी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, मग सत्यजित राय यांचा फेलुदा. अशोक जैन यांनी तो छान मराठीत आणलाय. फेलुदाची एक कथा वेरूळच्या लेण्यांत घडते आणि एक मुंबईत, त्यामुळे मुलं लगेच रमतात.

६. खऱ्या गुन्ह्यांची पुस्तकं वेगळ्या मनाने वाचा.

एस. हुसैन झैदी यांचं ‘ब्लॅक फ्रायडे’ १२ मार्च १९९३च्या बॉम्बस्फोटांबद्दल आहे. त्यातली माणसं खरोखर मेली. त्यांच्या घरचे आजही याच शहरात राहतात. अशा पुस्तकाबद्दल बोलताना ‘‘मस्त आहे, एका बैठकीत संपवलं’’ असं माझ्या तोंडून निघत नाही, आणि निघू नये. उलट कादंबरीकाराला मोकळीक असते. एच. आर. एफ. कीटिंग या इंग्रज लेखकाने १९६४ साली मुंबई सीआयडीचा इन्स्पेक्टर घोटे निर्माण केला, तोही मुंबई न पाहता! पुढची कित्येक वर्षं त्याने घोटेच्या कथा अशाच लिहिल्या.

७. वाचनालयाचं पुस्तक घेताना शेवटचं पान तपासा.

वाचायचं नाही, फक्त आहे की नाही ते बघायचं. जुन्या रहस्यकथा इतक्या हातांतून फिरलेल्या असतात की पाठीमागची शिवण सुटलेली असते, डिंकाने पुन्हा चिकटवलेलं मुखपृष्ठ कडक झालेलं असतं आणि शेवटची दोन-चार पानं गेलेली असतात. एका प्रतीत तर तिसऱ्याच पानावर एका पात्राच्या नावाभोवती पेन्सिलीने गोल काढून कुणीतरी लिहून ठेवलं होतं, ‘हाच तो’. असं कधीही करू नका. तुमच्यानंतर ते पुस्तक हाती घेणाऱ्याचा आनंद तुमच्या हातात असतो.

८. जुनी पुस्तकं रद्दीत घालू नका.

अर्णाळकरांचं थोडंफार नव्याने छापलं गेलंय, पण त्यांच्या आणि नाईकांच्या बहुतेक कथा आज दुकानात मिळत नाहीत. त्या उरल्यात त्या घराघरांत, माळ्यावरच्या ट्रंकांमध्ये. आमच्याकडे दहिसरला जुन्या इमारती पुनर्विकासाला जातायत आणि घर रिकामं करताना हे गठ्ठे सगळ्यात आधी रद्दीवाल्याकडे जातात. तुमच्या घरी असा गठ्ठा असेल, तर आधी जवळच्या वाचनालयात विचारा. त्यांनी नाही म्हटलं, तर रहस्यकथा वाचणारा एखादा शेजारी शोधा आणि त्याला द्या.