फ्रेम लावण्याआधी

पैठणीच्या ब्लाऊजला बाहीवर मोर हवेत, ही मागणी जालना जिल्ह्यात लग्नसराईच्या तोंडावर हमखास येते. पैठण इथून फार लांब नाही, अंबड आणि घनसावंगी हे तर गोदाकाठचेच तालुके. मोराची एकच फाईल मशीनमध्ये भरून दोन्ही बाह्यांवर तशीच काढली, तर एक मोर पुढे बघतो आणि दुसरा पाठीकडे. कापड मशीनवर असताना हे डोळ्यांत भरत नाही. बाह्या जोडून ब्लाऊज अंगात घातला की आरशात दिसतं, आणि तोवर साडीबरोबर आलेला जेमतेम 80 सेंटिमीटरचा तुकडा संपलेला असतो. दुसरा आणणार कुठून?

परतूरमध्ये घरीच एम्ब्रॉयडरीचं मशीन चालवणाऱ्या एक ताई असं नुकसान सोसून शिकल्या. आता त्यांच्याकडे काम शिकायला येणाऱ्या मुलींच्या हातात त्या आधी टेप, खडू, जुनं कापड आणि रिकामी फ्रेम देतात. मशीन बऱ्याच नंतर सुरू होतं. या आग्रहामागे मशीनची रचनाच आहे. एम्ब्रॉयडरीच्या मशीनमध्ये सुई फक्त वर-खाली होते. मागे-पुढे, डावी-उजवीकडे सरकते ती फ्रेम. 1828 च्या सुमारास फ्रान्समधल्या मुलूझ इथे जोशुआ हाइलमान यांनी भरतकामाचं यंत्र तयार केलं, त्यातही कारागीर नक्षीच्या रेषेवरून दांडा फिरवायचा आणि त्याबरोबर चौकटीत ताणलेलं कापड हलायचं. दांड्याची जागा आता मोटर आणि मेमरीने घेतली आहे. पण कापड फ्रेममध्ये तिरपं बसलंय, हे मशीनला आजही कळत नाही. ते बघायचं काम माणसाचंच.

ताईंना सगळ्यात महागात पडले ते शाळेचे टी-शर्ट. छातीवर डाव्या बाजूला शाळेचा लोगो काढायचा होता. त्यांनी एका टी-शर्टवर जागा मोजली, तेच माप लहानमोठ्या सगळ्या साइजना लावलं आणि सरळ रेषेसाठी टी-शर्टच्या बाजूची शिलाई धरली. घडी घालून रचलेली थप्पी नीटनेटकी दिसत होती. मुलांनी कपडे घातले तेव्हा लहानग्यांचे लोगो पोटाकडे उतरलेले आणि काखेकडे सरकलेले होते, कित्येक तिरपे होते आणि भोवती चुण्या पडल्या होत्या. सगळा माल त्यांना पदरच्या पैशांनी भरून द्यावा लागला.

यातली मापाची चूक फार सर्रास होते. मोठ्या माणसाच्या टी-शर्टवर खांदा आणि गळा जिथे मिळतात, तिथून सरळ खाली साधारण 7 ते 8 इंचांवर लोगोचा मध्य येतो. पहिलीतल्या मुलाला ते माप चालत नाही. इंच पाठ करण्यापेक्षा कपड्यावरच्या खुणा धराव्यात. दोन्ही काखांच्या मधून एक आडवी रेषा, खांदा-गळ्याच्या सांध्यातून एक उभी रेषा, आणि त्या छेदाच्या आसपास लोगोचा मध्य. कॉलरचा टी-शर्ट असेल तर बटणपट्टी जिथे संपते ती ओळ उपयोगी पडते. साइज बदलली की खुणा पुन्हा घ्याव्यात. मापाचा हा प्रश्न एकट्यादुकट्या कारागिराचा नाही. 2024-25 मध्ये ‘एक राज्य एक गणवेश’ योजनेत शिलाईचं काम महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांना मिळालं, तेव्हाही अनेक ठिकाणांहून मापं चुकल्याच्या तक्रारी आल्या. पुढच्या वर्षापासून गणवेशाचे अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेले. काम गावात आलं आहे, तर मूल समोर उभं करून माप घेण्याची सोयही गावात आहे. ती सोडू नये.

बाजूच्या शिलाईवर मात्र भरवसा ठेवू नये. होजिअरीचं कापड गोल विणतात, धाग्याला मूळचा पीळ असतो, आणि स्वस्त टी-शर्टची शिलाई धुतल्यावर पुढे सरकते. सरळपणा ठरवायचा तो दोन्ही खांदे जुळवून आणि गळ्याच्या मध्यावरून.

चुण्यांचं कारण वेगळं. ताईंनी टी-शर्ट फ्रेममध्ये डफासारखा ताणला होता. ताणलेल्या अवस्थेत टाके पडले, फ्रेम काढल्यावर कापड मूळ मापावर आलं, टाके मात्र आले नाहीत. फ्रेममध्ये घट्ट बसायला हवा तो खालचा बॅकिंगचा पेपर. कापड सपाट असावं, पण ओढलेलं नको. स्क्रू आवळल्यानंतर कडेने कापड ओढायची सवय अनेकींना असते. ती पहिल्या दिवसापासून मोडावी. रेशीम आणि मखमल तर फ्रेममध्ये चेपूच नये, कारण कडेचा वळ पुढे निघता निघत नाही. अशा वेळी फ्रेममध्ये फक्त पेपर बसवायचा आणि कापड त्याच्यावर ठेवून नक्षीच्या बाहेरून धावदोऱ्याने टाचायचं.

खुणेलाही धावदोराच बरा. पाण्याने पुसले जाणारे पेन सुती कापडावर चालतात, पण रेशमावर पाण्याचा डाग पडू शकतो. कापडाचा उभा-आडवा धागा पाहून दोन रेषांची फुली धावदोऱ्याने घालावी आणि फ्रेमवरच्या खुणा तिच्याशी जुळवाव्यात. मंठा-परतूर भागातल्या तांड्यांवर बंजारा बायकांचं भरतकाम बघायला मिळालं, तर त्यांची नजर कापडाच्या धाग्यांवर कशी असते ते जरूर पाहावं. धागे मोजून घातलेल्या टाक्यांत रेषा कापडाच्या विणीतूनच निघते. मशीनवर काम करणारीने हे शिकून घ्यावं असं मनापासून वाटतं, कारण उरेब धरलेल्या कापडावरची सरळ नक्षीसुद्धा अंगावर वाकडी दिसते.

आता बाहीचा मोर. बाही कापण्याआधीच तिचा आकार मार्जिनसकट कापडावर आखावा, नक्षी काढावी आणि मगच कात्री लावावी. डिझाइन खऱ्या मापात कागदावर छापून, मध्याची फुली दाखवून, ते कागद दोन्ही बाह्यांवर टाचणीने लावावेत. गिऱ्हाईक समोर असेल तर दंडावर धरून आरशात दाखवावेत. एका बाहीसाठी फाईल उलटी करायची, म्हणजे मिरर करायची, हे त्याच वेळी कागदावर लिहून टाकावं. खिशावर लोगो असेल तर खिसा शर्टला जोडण्याआधी काढावा, नाहीतर खिशाचं तोंड शर्टसकट शिवलं जातं. तयार कपड्यात पाठीचा भाग फ्रेमखाली सापडू नये म्हणून प्रत्येक वेळी खालून हात फिरवून बघावं. मग मशीनवर ट्रेस लावून सुई नक्षीच्या कडेकडेने नेमकी कुठून जाते ते पाहावं, आणि पहिलं काम तशाच जातीच्या जुन्या तुकड्यावर काढावं.

वीज मध्येच गेली तर फ्रेम अजिबात काढायची नाही. एकदा मशीनवरून काढलेली फ्रेम उघडली नाही तरी आतलं कापड हात लागून सरकतं. बरीच मशीन्स कुठे थांबलो ते लक्षात ठेवतात. आपलं मशीन ठेवत नसेल तर मोठ्या नक्षीत रंग बदलताना टाक्याचा आकडा वहीत टिपावा. वीज आल्यावर थांबलेल्या जागेपासून थोडे टाके मागे जाऊन सुरू करावं, म्हणजे जोड दिसत नाही. आणि तोवर कापडावर कुणी इस्त्री, कात्री किंवा चहाचा कप ठेवणार नाही, एवढं घरात सांगून ठेवावं.