ट्रकचं ‘रिमॅपिंग’ करण्याआधी: खर्च किती, कशावर, कोणत्या क्रमाने

लातूरहून सोयाबीन भरून ट्रक नांदेडकडे निघतो. चढ लागला की एक गिअर खाली येतो, मागे काळा धूर सुटतो आणि ड्रायव्हरचा मालकाला फोन जातो: ‘शेठ, गाडी पिकअप घेत नाही, ॲव्हरेजही पडलंय.’ मग कुणीतरी सुचवतं, ‘ईसीएम मॅप करून घ्या, गाडी पळायला लागेल.’ या सल्ल्यावर पंधरा-वीस हजार घालण्याआधी हे वाचा. अशा बहुतेक गाड्यांना ट्यूनिंगची गरज नसते, दुरुस्तीची असते.

आधी गाडी कोणती ते बघा. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं. बीएस-४ आधीच्या बऱ्याच गाड्यांत साधा पंप आणि नोझल असतात. तिथे मॅपिंगचा प्रश्नच येत नाही, पंप कॅलिब्रेशन करून काम भागतं. कॉमन रेल इंजिनात मात्र इंजेक्टर कधी उघडायचा, किती वेळ उघडा ठेवायचा हे ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर ठरवतो. रेलमधलं प्रेशर पूर्ण लोडवर दीड हजार बारच्या वर जातं. एवढ्या प्रेशरला डिझेलमधलं थोडं पाणी किंवा बारीक कचरासुद्धा इंजेक्टर खराब करायला पुरेसा असतो. म्हणून पहिला खर्च फिल्टरवर करा. डिझेल फिल्टर आणि वॉटर सेपरेटर वेळेवर बदलला, एअर फिल्टर आणि टर्बोचे होज पाइप तपासले, की कितीतरी गाड्यांची तक्रार तिथेच मिटते.

तेवढ्याने भागलं नाही तर स्कॅनर लावा. खाली दिलेले आकडे ढोबळ आहेत. मॉडेल आणि गॅरेजप्रमाणे ते बदलतील, त्यामुळे दोन ठिकाणी विचारल्याशिवाय होकार देऊ नका. स्कॅनिंगला पाचशे ते दीड हजार रुपये लागतात. नुसता ‘एरर उडवून दिला’ यावर समाधान मानू नका. रेल प्रेशर किती मागितलं आणि प्रत्यक्षात किती मिळालं, हे दोन आकडे चालू गाडीत बघायला सांगा. ज्या इंजिनांत इंजेक्टरचे रिटर्न पाइप बाहेरून असतात, तिथे मेकॅनिक प्रत्येक पाइपला एक छोटी बाटली लावतो आणि गाडी काही मिनिटं आयडलवर ठेवतो. तीन बाटल्यांत बोटभर डिझेल आणि चौथी अर्धी भरलेली दिसली, की दोषी इंजेक्टर तुमच्या डोळ्यांसमोर असतो. मोठ्या इंजिनांत रिटर्न हेडच्या आतून जातो. त्यांचे इंजेक्टर काढून टेस्ट बेंचवरच लावावे लागतात. बेंच टेस्टला नगाला साधारण तीनशे ते सहाशे, रिकंडिशनला चार ते नऊ हजार आणि नव्या इंजेक्टरला पंधरा ते अठ्ठावीस हजार रुपये धरून चाला. आपल्याकडे बेंच नसेल तर लातूरकरांना सोलापूर आणि नांदेडकरांना निजामाबाद किंवा हैदराबाद जवळ पडतं. इंजेक्टर पाठवताना प्रत्येकावर सिलिंडरचा नंबर टाका. नव्या इंजेक्टरवर कोड छापलेला असेल तर तो स्कॅनरने ईसीएममध्ये भरलाच पाहिजे. अनेक ठिकाणी हे काम सोडून देतात आणि नवा इंजेक्टर बसवूनही इंजिन खडखडत राहतं.

हा खर्च जड वाटत असेल तर हिशेब करा. गाडी महिन्याला ६,००० किलोमीटर चालते आणि ४ चं ॲव्हरेज देते, तर १,५०० लिटर डिझेल लागतं. इंजेक्टर गळका झाला आणि ॲव्हरेज ३.६ वर आलं, तर सुमारे १६७ लिटर जास्त जातं. डिझेल ९२ रुपये धरलं तर महिन्याला पंधरा हजारांहून जास्त! दुरुस्ती दोन-तीन महिन्यांत वसूल होते.

आता मॅपिंग, म्हणजे ईसीएममधली सेटिंग बदलणं. त्यासाठी पंधरा ते पस्तीस हजार मागतात. पिकअप वाढतो हे खरं आहे, पण तो जास्त डिझेल आणि जास्त बूस्ट देऊनच वाढतो. त्याचा ताण टर्बो, क्लच आणि गिअरबॉक्सवर येतो, एक्झॉस्ट तापतो, वॉरंटी जाते आणि अपघातानंतर विम्याचा क्लेम अडकू शकतो. रेल प्रेशरच्या सेन्सरमध्ये खोटा आकडा घालणारी स्वस्त डबी तर गाडीजवळही येऊ देऊ नका. जास्त माल भरायचा म्हणून ताकद हवी असेल, तर मॅपिंगने आरसी बुकातलं वजन वाढत नाही. ओव्हरलोडचा दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० आहे. मंजुरीशिवाय गाडीत बदल केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, दोन्हीही होऊ शकतं. बीएस-६ गाडीत डीईएफ (धूर स्वच्छ करणारं युरियाचं द्रावण) बंद करून देणाऱ्यांचाही धंदा जोरात आहे. १,५०० लिटर डिझेलमागे साधारण ७५ लिटर डीईएफ लागतं, म्हणजे वाचतात महिन्याला चार-पाच हजार. त्यासाठी गाडी बेकायदा करायची आणि रस्त्याकडेच्या गावांना विषारी धूर पाजायचा, हे मला मुळीच मान्य नाही.

ईसीएम खरोखरच गेला असेल तर गोष्ट वेगळी. दुरुस्तीला आठ ते पंचवीस हजार, नव्याला चाळीस हजारांपासून लाखापर्यंत आणि कधी त्याहूनही जास्त लागतात. भंगारातला ईसीएम स्वस्त मिळतो, पण पार्ट नंबर जुळला पाहिजे आणि प्रोग्रामिंगही करावं लागतं. त्यामुळे तो गाडीवर चालवून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. ईसीएम जाण्याची कारणं आपल्याकडे ठरलेली आहेत: प्रेशरने गाडी धुताना सॉकेटमध्ये शिरलेलं पाणी, सैल अर्थिंग, कमजोर बॅटऱ्या आणि सगळ्यात घातक म्हणजे डाला किंवा चासी वेल्डिंग. वेल्डिंगवाला कितीही घाईत असो, आधी बॅटरीचे टर्मिनल काढा आणि ईसीएमचे सॉकेट सोडवा. वेल्डिंगची अर्थ जोडाजवळच लावायला सांगा. याला एक रुपयाही लागत नाही.

बिल पक्कं घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. कुणी अजून २८ लावत असेल तर विचारा. जुने इंजेक्टर परत मागा, बेंचचा रिपोर्ट जपून ठेवा. आणि मालकांना एक विनंती: लेखी स्कॅन रिपोर्ट हातात येईपर्यंत ईसीएमला कुणालाही हात लावू देऊ नका.